यजमान नसलेलं लग्नघर

ओपनबॉक्स, आयथ्री हे लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारे हलके प्रोग्राम, म्हणजे विंडो मॅनेजर, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. म्हणून थेट बाबांच्या लॅपटॉपवर येते. गेली दोन वर्षं मला हे कुणापुढे तरी बोलायचंच होतं.

१४ इंची पडदा, २ जीबी रॅम. भंगारात निघालेलं ते मशीन मी घेतलं, डेबियन लिनक्स घातलं आणि वर नुसतं ओपनबॉक्स. पळायला लागलं. मी खूश. बाबांनी चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाले, "अगं, अक्षरं किडल्यासारखी दिसतायत." मग मी शेजारी बसून पाहिलं. फाइल मॅनेजरची बटणं म्हणजे राखाडी ठोकळे. टूलबारवर आयकॉनच्या जागी एकच फुटकं चित्र, सहा वेळा. मोकळ्या पडद्यावर काळा बाण, ब्राउझरमध्ये गेला की पांढरा. व्हिडिओ दाखवणारं व्हीएलसी तर शेजारच्या घरातून आल्यासारखं. बाबांनी 'शाळेचे दाखले' नावाच्या फाइलवर बोट ठेवलं. "हा ल आपला नाही. श पण नाही." बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस! आपला ल पाकळीचा, श देठाचा. समोर होता दंडाचा ल आणि शेंडीचा श.

मी एका अनुभवी मित्राला विचारलं. तो म्हणाला, "हलकं हवं असेल तर असंच दिसणार." हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय ना? मला त्याचा मनापासून राग येतो. देखणेपणासाठी रॅम लागते हा समज साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी धडधाकट मशीनं माळ्यावर जातात. डोळ्यांना त्रास झाला की म्हातारं माणूस कॉम्प्युटर मिटून ठेवतं. तक्रार करायलाही येत नाही.

खरं कारण साधं आहे. लग्नघरात यजमानच नसेल तर आचारी आपल्या मनाने रांधणार, बँडवाला आपल्या मनाने वाजवणार. पूर्ण डेस्कटॉपमध्ये एक सेटिंग्ज डेमन, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, प्रत्येक प्रोग्रामला थीम, फॉन्ट, आयकॉन सांगत असतो. नुसत्या विंडो मॅनेजरला ते काम येत नाही. मग प्रोग्रामांची बटणं-मेन्यू काढणाऱ्या दोन टूलकिटांपैकी जीटीके आपल्या मूळ अवतारात उघडतं आणि क्यूटी आपल्या.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. उपाय भराभर सांगते, लिहून घ्या.

एलएक्सअपिअरन्स हा रूप निवडायचा प्रोग्राम टाका. थीम, आयकॉन, फॉन्ट, बाण निवडा. जीटीके २ आणि ३ दोन्हींच्या फाइली तेच लिहितं. आयकॉनचा पूर्ण संच बसवलात की फुटकी चित्रं गेली. बाण तरी बदलत राहिला, तर होम फोल्डरमधल्या डॉट-आयकॉन्सच्या डिफॉल्ट फोल्डरात इंडेक्स डॉट थीम ही फाइल बघा. बदल चालू प्रोग्राममध्ये लगेच दिसायला हवे असतील तर एक्ससेटिंग्जडी हा सुटा सेटिंग्ज डेमन चालवा. तो चिमुकला आहे, पण चालू असताना फाइलींपेक्षा त्याचाच शब्द चालतो.

क्यूटीसाठी, म्हणजे व्हीएलसीसारख्यांसाठी, क्यूटी५सीटी हा रूप ठरवणारा प्रोग्राम, नव्यांसाठी क्यूटी६सीटी. त्याला लागणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना वाचतो ती सेटिंग) मी बॅशआरसीत, म्हणजे फक्त टर्मिनल वाचतं त्या फाइलमध्ये, लिहिला होता. टर्मिनलमधून व्हीएलसी सुंदर, मेन्यूतून तसंच भेसूर. दोन संध्याकाळी गेल्या! तो ओपनबॉक्सच्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये लिहायचा.

किडकी अक्षरं: एक्सरिसोर्सेस या फाइलमध्ये अँटिअलायझिंग (अक्षरांच्या कडा मऊ करणं) चालू, हिंटिंग (अक्षर ठिपक्यांत नीट बसवणं) स्लाइट. एक्स, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारी लिनक्सची यंत्रणा, सहसा ९६ डीपीआय (इंचाला ९६ ठिपके) धरून चालतं. १३६६ बाय ७६८ चा १४ इंची पडदा असतो ११२ चा. तो आकडा घातला आणि बाबांची मान सरळ झाली.

ल आणि श: ज्यात मराठी रूपं आहेत असा फॉन्ट, जसा नोटो सान्स देवनागरी, आणि लोकेल (भाषेची सेटिंग) मराठी. त्यातला एलसी-सीटाइप तेवढा मराठी केलात तर मेन्यू इंग्रजीतच राहतील, बिघडत नाही.

लिबअद्वैता ही स्वतःचंच रूप लादणारी लायब्ररी वापरणारे जीटीके ४ चे प्रोग्राम मात्र आपण निवडलेली थीम जुमानत नाहीत. त्यांना मी बाबांच्या मशीनवर घेतलेलंच नाही.

तो लॅपटॉप आज बरोबर आणलाय, 'शाळेचे दाखले' त्यात आहेच. चहाच्या वेळेत पुढे या, उघडून दाखवते.