पहाटेचे वाटण : बालीच्या जेवणाची पहिली ओळख

[दृश्य : गियान्यारचा भाजीबाजार. पहाटेचे पाच वाजले आहेत.]

बाली बेटावर सर्वांत आधी जाग येते ती बाजाराला. गियान्यार शहरातल्या या बाजारात दिव्यांच्या पिवळ्या उजेडात बायका टोपल्या मांडून बसल्या आहेत, आणि त्यांतला माल पाहताना कोकणातल्या माणसाची पावले आपोआप मंदावतात. सोललेले नारळ आहेत, केळफुले आहेत, फणसाच्या कुयऱ्या आहेत, हातभर लांब चवळीच्या शेंगा, शेवग्याचा पाला, ओली हळद आणि गवती चहाच्या जुड्या आहेत. जवळजवळ प्रत्येक वस्तूसाठी माझ्याकडे मराठी नाव होते. नाव नव्हते ते त्या सगळ्यावर तरंगणाऱ्या वासाला. कापूर, आले, लिंबाचे पान आणि सुकटीच्या डब्याचे झाकण काढल्यावर येणारा खारट दर्प, असे सारे काही त्या एका वासात मिसळलेले होते.

बालीला मी प्रथमच आले होते आणि जेवणाच्या बाबतीत पहिले दोन दिवस मी वाया घालवले होते. किनाऱ्यालगतच्या उपाहारगृहांत पाहुण्यांपुढे सर्वांत आधी येतो तो नासी गोरेंग, म्हणजे परतलेला भात. तो रुचकर असतो, पण इंडोनेशियात कोठेही मिळतो, आणि बालीच्या घरात रोज काय शिजते याचा त्यावरून काहीच अंदाज येत नाही. तो अंदाज यायला हवा असेल, तर बाजारातल्या त्या वासाच्या मागे जावे लागते. मी गेले, आणि उबुदजवळच्या एका खेड्यातल्या स्वयंपाकघरात पोहोचले.

[दृश्य : अंगणाच्या दक्षिणेकडचे स्वयंपाकघर. चुलीत लाकडे पेटली आहेत.]

बालीच्या जुन्या वळणाच्या घरात सगळ्या खोल्या एका छपराखाली नसतात. भिंतीने वेढलेल्या अंगणात स्वतंत्र दालने असतात, आणि स्वयंपाकघर, ज्याला येथे ‘पाओन’ म्हणतात, ते दक्षिणेला असते. कारण बालीतल्या हिंदू परंपरेत दक्षिण ही ब्रह्मदेवाची दिशा आहे आणि ब्रह्मदेव हा अग्नीचा अधिपती मानला जातो. घरच्या आजींना सगळे ‘इबू’ म्हणत होते. इबू म्हणजे आई. ‘ॐ स्वस्त्यस्तु’ असे म्हणून त्यांनी माझे स्वागत केले आणि लगेच मला कांदे सोलायला बसवले.

बालीच्या स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘बासा गनप’ हे वाटण. गनप या शब्दाचा अर्थ पूर्ण. छोटे लाल कांदे, लसूण, आले, ओली हळद, मिरच्या, धणे, मिरी, जायफळ, लवंग, माडाचा गूळ, केमिरी नावाचे तेलकट बी आणि कोळंबी आंबवून वाळवून केलेली ‘तरासी’ इतके त्यात एकत्र येते, आणि तरीही मी अजून तीन महत्त्वाची नावे घेतलेली नाहीत. पहिले कोष्टकोळिंजन. आपल्याकडे आवाज बसला की त्याचा तुकडा दाढेखाली धरायला सांगतात; येथे ते मुठीने घातले जाते. दुसरा केंचूर, बोटाच्या पेराएवढा कंद, ज्याला कापरासारखा वास येतो. बाजारात मला ज्याचे नाव सापडत नव्हते, त्यातला मोठा वाटा याचाच होता. आणि तिसरी पिंपळी. खोकल्यावर मधातून चाटवतात त्या आपल्या पिंपळीची ही अगदी जवळची बहीण. बालीत तिला ‘ताब्या बुन’ म्हणतात. मिरची अमेरिकेतून युरोपीय जहाजांबरोबर आशियात आली. त्याआधी तिखटपणाची सारी भिस्त मिरी-पिंपळीवर होती, आपल्याकडेही आणि येथेही. आपल्या स्वयंपाकघरातून पिंपळी बहुतेक आजीबाईच्या बटव्यात गेली, बालीत ती वाटणातच राहिली. मिरीला इंडोनेशियाच्या भाषेत ‘मेरिचा’ म्हणतात. तो आपला संस्कृत ‘मरीच’च आहे.

इबूंनी हे सारे एकदम वाटायला घेतले नाही. आधी प्रत्येक कंद लाकडी फळीवर सुरीने इतका बारीक चिरला, की हळदीचे काप उजेडासमोर धरले तर पारदर्शक दिसावेत. मग दगडी खलात आधी कोरडे मसाले, नंतर चिवट कंद आणि शेवटी कांदा-लसूण. शेवटी का, असे विचारल्यावर त्यांनी खलातले थेंब बोटाने दाखवले: कांद्याला पाणी सुटले की बत्ता घसरतो आणि कोळिंजनाचे धागे तुटत नाहीत. पाट्यावर वाटण करणाऱ्या कोणत्याही बाईला हे निराळे सांगायला नको. ते वाटण खोबरेल तेलात पडले तेव्हा पहाटेचा बाजार पुन्हा एकदा त्या खोलीत आला.

[दृश्य : केळीच्या पानाचे छोटे चौकोन. प्रत्येकावर चिमूटभर भात.]

स्वयंपाक झाला, पण जेवायला कोणी बसले नाही. घरातल्या सुनेने केळीच्या पानाचे बोटभर चौकोन कापले, प्रत्येकावर भाताचा लहानसा घास, किंचित मीठ आणि त्या दिवशीच्या भाजीचा कण ठेवला, आणि ते घेऊन ती घरभर फिरली. एक चुलीपाशी, एक पाण्याच्या भांड्याशी, एक तांदळाच्या कोठीशी, एक खलापाशी, एक देवळीत, एक उंबऱ्याबाहेर जमिनीवर. याला ‘साइबान’ म्हणतात, आणि त्याचे दुसरे नाव ऐकून मी चमकले: ‘यज्ञ शेष’. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञात उरलेले अन्न खाणाऱ्यांविषयी जे सांगितले आहे, त्याचाच आधार बालीतले लोक या प्रथेसाठी देतात. चूल, वाटणाचा दगड, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी माणसाच्या हातून नकळत जीवहत्या होते, ही पंचसूनेची कल्पनाही येथे सांगितली जाते.

माझे आजोबा ताटाभोवती पाणी फिरवून उजव्या बाजूला चित्राहुतींचे घास ठेवत असत. आमच्या घरात तो रिवाज त्यांच्याबरोबरच संपला. येथे तो रोज, भात शिजला की लगेच, फारसा गाजावाजा न करता होतो, आणि मुंग्या-चिमण्या तो भात अर्ध्या तासात संपवून टाकतात. मला हे फार आवडले.

त्यानंतरही सगळे एकत्र पंगतीला बसतील, ही माझी अपेक्षा चुकीची होती. बालीच्या घरात रोजचे जेवण सकाळी एकदाच शिजवून झाकून ठेवतात आणि ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो आपले वाढून घेऊन शांतपणे जेवतो. एकत्र जेवण होते ते समारंभाच्या दिवशी. बेटाच्या पूर्वेकडच्या कारांगासेम भागात तर ‘मगिबुंग’ नावाची प्रथा आहे: भाताच्या एकाच मोठ्या राशीभोवती माणसे गोल करून बसतात, एकाच पानातून जेवतात आणि सगळ्यांचे आटोपेपर्यंत कोणी उठत नाही.

[दृश्य : रस्त्याकडेचे वारुंग. काचेच्या कपाटात भाज्यांच्या परड्या.]

कोणाच्या घरी जाण्याचा योग आला नाही, तर प्रवाशासाठी ‘वारुंग’ आहे. वारुंग म्हणजे एखाद्या कुटुंबाने चालवलेली छोटी खाणावळ. तेथे ‘नासी चाम्पुर’ मागावे. चाम्पुर म्हणजे मिसळलेले; पानाच्या मध्यभागी भात आणि भोवती त्या दिवशी जे केले असेल ते थोडे थोडे. नारळाचा चव लावलेली पालेभाजी, मसाल्यात मुरलेली कोंबडी, परतलेले शेंगदाणे, आणि कडेला ‘सांबाल माताह’. सांबाल म्हणजे मिरचीची चटणी, आणि माताह म्हणजे कच्चे. कांदा, मिरची, गवती चहाचा खालचा पांढरा दांडा आणि लिंबाचे पान हे सारे बारीक चिरून त्यावर खोबरेल तेल आणि लिंबू. गवती चहाचा तो दांडा आपण चहासाठी पाने कापून घेताना जमिनीतच सोडतो, आणि येथे खरी किंमत त्यालाच आहे. ‘साते लिलित’ या प्रकारात तर मासळीचा किंवा कोंबडीचा खिमा त्याच दांड्याभोवती लपेटून निखाऱ्यावर भाजतात, त्यामुळे दांड्याचा वास आतून मांसात उतरतो.

वारुंगमध्ये लवकर जावे, हे मी चुकून शिकले. एका दुपारी तीन वाजता मी ‘लावार’ मागितले, तेव्हा मालकिणीने रिकामी परात दाखवली. सकाळी केलेले लावार दुपारपर्यंतच टिकते, त्यामुळे ते उरवायचे नसतेच.

लावार हा पदार्थ समजून घेतल्याशिवाय बालीहून परतू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उकडलेल्या शेंगा किंवा फणसाची कुयरी बारीक चिरतात, त्यात भाजलेले खोवलेले खोबरे, मांसाचा खिमा, तळलेला कांदा आणि बासा गनप घालून हाताने कालवतात. दिसायला ती कोशिंबीर वाटते, पण तिची चव कोशिंबिरीपेक्षा कितीतरी खोल आहे. सणाच्या दिवशी लावार पुरुष करतात. वस्तीतले पुरुष पहाट होण्याआधी आपापला सुरा घेऊन जमतात, लाकडी ठोकळ्यांभोवती मांडी घालून बसतात आणि चिरण्याचा तो ठोक-ठोक आवाज अंगणाबाहेर ऐकू येतो. बालीचा मोठा सण गालुंगान दर 210 दिवसांनी बुधवारी येतो. आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, ज्याला बालीच्या पंचांगात ‘अंगार’ म्हणतात, घरोघरी डुकरे कापली जातात आणि लावार होते. आपल्या अंगारकी चतुर्थीतला अंगारक तो हाच. एकाच ग्रहाचा हा वार आपल्याकडे उपासाचा होतो आणि येथे सामिष स्वयंपाकाचा, याचे मला पहिल्यांदा आश्चर्य वाटले, मग वाटेनासे झाले.

लाल लावारात ताजे रक्त घालतात. नवख्या प्रवाशाने ते टाळावे, असे मी निःसंकोचपणे सांगेन, कारण न शिजवलेल्या डुकराच्या रक्तातून गंभीर संसर्ग होऊ शकतो. रक्ताशिवायचे ‘लावार पुतिह’, म्हणजे पांढरे लावार मागितले, तर कोणालाही वाईट वाटत नाही.

काही शब्द पाठ करून जावेत. ‘बाबी’ म्हणजे डुकराचे मांस, ‘सापी’ गाईचे, ‘आयाम’ कोंबडी, ‘बेबेक’ बदक आणि ‘इकान’ मासे. अख्खे डुक्कर मसाला भरून निखाऱ्यावर फिरवत भाजलेले ‘बाबी गुलिंग’ ही गियान्यारची ख्याती आहे. बेटाच्या पश्चिम टोकाचे गिलिमानुक हे गाव मसाल्यात तासन्‌तास शिजवलेल्या कोंबडीच्या ‘बेतुतु’साठी प्रसिद्ध आहे. शाकाहारी माणसाने मात्र जपून राहावे, कारण ताटात भाजी दिसते म्हणजे ते ताट शाकाहारी आहे असे येथे धरून चालता येत नाही. वाटणातच तरासी असते, आणि केळीच्या गाभ्याचा ‘आरेस’ हा रस्सा बहुतेकदा मांसाच्या पाण्यात होतो. ‘तानपा दागिंग, तानपा तरासी’, म्हणजे मांस नको आणि तरासीही नको, असे दोन्ही सांगावे लागते. शेंगदाण्याच्या वाटणात भाताचे घट्ट ठोकळे आणि उकडलेल्या भाज्या कालवून देतात ते ‘तिपात चान्तोक’ तुमच्यासमोर वाटले जाते, तेव्हा तरासी घालण्याआधीच हात थांबवता येतो.

[दृश्य : मातीच्या छोट्या साच्यांत शिजणारे लाकलाक.]

गोड पदार्थ बाजारात सकाळीच मिळतात. मातीच्या साच्यांत तांदळाच्या पिठाचे ‘लाकलाक’ फुलत असते आणि त्यावर खोबरे आणि गुळाचा पाक घालून केळीच्या पानावर ते हातात येते. ‘क्लेपोन’ खाताना मला मोदक आठवला, पण उलटा: चिकट तांदळाच्या पिठाची उकडलेली हिरवी गोळी, आत फक्त गूळ आणि खोबरे बाहेरून लावलेले. हिरवा रंग पांदानच्या पानाचा, आणि पांदान हे आपल्या केवड्याचे भावंड. ही गोळी अख्खी तोंडात टाकावी. मी दाताने अर्धी तोडली, आणि आतला पातळ झालेला गूळ थेट ओढणीवर उडाला. समोरच्या टोपलीत मंगुस्तान होते. त्याचे आणि कोकमाचे कूळ एकच, पण त्याच्या पांढऱ्या पाकळ्यांत कोकमाचा आंबटपणा अगदी पुसट उरला आहे.

[दृश्य : देनपासारचा रस्ता. रात्रीचे दहा.]

शेवटच्या रात्री, विमानतळाकडे निघण्याआधी, देनपासारमध्ये फुटपाथवर चटई टाकून बसलेल्या एका बाईकडून मी ‘नासी जिंगो’ घेतले. केळीच्या पानाची मुठीएवढी पुडी असते ती. काडीने टोचून बंद केलेली. उघडली की मूठभर भात, कोंबडीचे तंतू, थोड्या शेवया आणि सांबाल. रात्रपाळीची माणसे, भाड्याने प्रवासी नेणाऱ्या मोटारसायकली चालवणारी मुले, कॉलेजचे विद्यार्थी, सगळे त्या चटईवर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. ‘पेदास,’ असे त्या बाईंनी मला बजावले. तिखट आहे. मी मान डोलावली आणि हातानेच सुरुवात केली. सांबालात तरासी होती, कांदा खोबरेल तेलात लाल होईपर्यंत परतला होता, आणि जिभेच्या मागच्या बाजूला, उशिरा, केंचूर आला. चौथ्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे सरकवली, आणि तिच्यासोबत दुसरी पुडी.