दवबिंदू गोठण्याच्या रात्री

डिसेंबर संपत आला आहे आणि वेण्णा तलावाच्या काठावर अजून पुरते उजाडलेले नाही. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या टपांवर, काठावरच्या गवतावर आणि शेजारच्या शेतातील स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा, खरखरीत थर चढला आहे. महाबळेश्वरात याला ‘दवबिंदू गोठले’ असे म्हणतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत हा देखावा बहुधा ‘मिनी काश्मीर’ या मथळ्याखाली झळकतो. पर्यटक ते हिमकण तळहातावर घेऊन छायाचित्रे काढतात. त्याच वेळी शेजारच्या वाफ्यावर वाकलेला शेतकरी पानांकडे पाहतही नाही; तो एकेका फुलाचा गाभा तपासत असतो.

त्याची ही तपासणी समजून घ्यायची, तर आधी या रोपाचा स्वभाव पाहावा लागतो. आज आपण खातो ती बागायती स्ट्रॉबेरी मूळची कोणत्याही एका देशाची नाही. फ्रेझिये नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याने १७१४ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावरील मोठ्या फळांची रोपे फ्रान्सला नेली. पुढे तेथील बागांमध्ये त्यांचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातून आलेल्या लहान फळांच्या जातीशी आपोआप संकर झाला. चिलीच्या रोपाने फळाचा आकार दिला आणि उत्तरेकडील रोपाने थंडी सोसण्याची ताकद दिली. पाने आणि मुळे यांच्या मध्ये असलेले आखूड, जाड खोड हा या रोपाचा प्राण असतो. आपले शेतकरी त्याला इंग्रजीप्रमाणे क्राउन असेच म्हणतात. पाने करपली तरी चालते, क्राउन जिवंत असला की रोप पुन्हा फुटते.

थंड प्रदेशातील सारी खबरदारी या क्राउनसाठी असते. कॅनडात टोरांटोसारख्या शहरात घरामागच्या अंगणात लाकडी चौकटीचे उंच वाफे करून स्ट्रॉबेरी लावणाऱ्यांना, आणि त्यांत आता मराठी कुटुंबेही आहेत, पहिल्या हिवाळ्यात एक गोष्ट हमखास कळते, ती ही की उंच वाफा जमिनीपेक्षा लवकर गोठतो. त्याच्या चारही बाजूंना वारा लागतो आणि खालच्या जमिनीची ऊब मुळांपर्यंत कमी पोहोचते. माती गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि या उचलबांगडीत रोप मुळांसकट वर ढकलले जाते. म्हणून तेथे गव्हाच्या पेंढ्याचा चार-सहा बोटे जाडीचा थर रोपांवर पसरतात. मात्र तो घाईने पसरून चालत नाही. काही कडक थंडीच्या रात्री सोसून रोप निद्रिस्त झाले, की मगच त्याला पांघरूण घालायचे आणि वसंतात पिवळसर नवी पाने डोकावू लागली की ते काढून घ्यायचे. तोवर रोपाला फूल नसते, फळ नसते. केवळ तग धरणे एवढेच त्याचे काम असते.

महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर हे गणित उलटे होते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवरच्या या भागात स्ट्रॉबेरी हिवाळ्यात झोपत नाही, ती याच दिवसांत फुलते आणि फळते. तिला तग धरावा लागतो तो पावसाळ्यात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या डोंगरावर जून ते ऑगस्ट या काळात उघड्या शेतात नाजूक रोप टिकणे कठीण असते. त्यामुळे परदेशातून आणलेली मातृरोपे उन्हाळ्याच्या अखेरीस आली, की त्यांच्यापासून नवी रोपे तयार करण्याचे काम बरेचसे डोंगराच्या पायथ्याशी, वाईच्या बाजूला, जेथे पाऊस कितीतरी कमी असतो तेथे चालते. मातृरोपातून निघालेले लांब, बारीक धुमारे, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत रनर, मातीला टेकले की तेथे मुळे धरतात. ती रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोंगरावर चढवली जातात.

डोंगरावरचा गादीवाफा म्हणूनच थंडीसाठी नसून पाण्यासाठी असतो. लागवडीच्या वेळी परतीचा पाऊस अजून रेंगाळत असतो, आणि स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळे वरच्या वीतभर मातीतच पसरत असल्यामुळे पाणी साचले की ती गुदमरतात. तांबड्या, निचऱ्याच्या मातीचा साधारण फूटभर उंच आणि तीन फूट रुंद वाफा बांधतात, त्यात कुजलेले शेणखत मिसळतात, वरून ठिबकची नळी अंथरतात आणि मग चंदेरी बाजू वर व काळी बाजू खाली ठेवून मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकचे पातळ आच्छादन, ताणून बसवतात. त्या कागदाला पाडलेल्या भोकांत, एकमेकांपासून सुमारे फूटभर अंतरावर, नागमोडी ओळींत रोपे लावतात. येथे क्राउन पुन्हा आपले महत्त्व दाखवतो. तो मातीखाली गेला तर कुजतो आणि वर उघडा राहिला तर मुळे सुकतात. म्हणून त्याचा मध्य नेमका मातीच्या पातळीवर यावा लागतो. अनुभवी बायकांच्या बोटांना हे माप पाठ असते. नव्याने कामाला आलेल्यांची पहिली ओळ मात्र बऱ्याचदा पुन्हा लावावी लागते.

यानंतर दिवस लहान होऊ लागतात. हंगामी जातींच्या स्ट्रॉबेरीला फुलाची कळी धरण्यासाठी लहान दिवस आणि गार रात्री लागतात, आणि सह्याद्रीचा ऑक्टोबर-नोव्हेंबर तिला नेमके हेच देतो. फ्लोरिडात तयार झालेल्या स्वीट चार्ली आणि विंटर डॉन किंवा कॅलिफोर्नियाची कॅमारोसा या जाती येथे रुजल्या, त्यामागे हे हवामानच आहे. फूल उमलल्यापासून साधारण महिन्याभरात फळ पिकते. दिवसा कोवळे ऊन आणि रात्री गारवा असला की फळ सावकाश पिकते आणि त्यात साखर भरते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या नावामागे कारागिरीइतकाच हा हिवाळाही उभा होता. थोडक्यात, ज्या थंडीने पीक येते, त्याच थंडीचे शेवटचे दोन-तीन अंश ते हिरावूनही नेऊ शकतात.

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला अशा रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडून देतात. ढग असते तर त्यांनी ती काही अंशी परत पाठवली असती. वारा असता तर त्याने वरची उबदार हवा खाली मिसळली असती. दोन्ही नसले की जड झालेली थंड हवा उतारावरून पाण्यासारखी वाहत खोलगट भागात जाऊन साचते. त्यामुळेच गावात, चढावर पारा सात-आठ अंशांवर असताना वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला पानांवर बर्फ दिसते. तापमापक माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असतो आणि पान वीतभर उंचीवर. त्या दोघांची थंडी एक नसते. शेत कोठे घ्यावे हे जुन्या लोकांना या थंड हवेच्या वाटांवरून कळत असे.

अशा रात्री क्राउनला काहीही होत नाही, पानेही बहुधा वाचतात. मरते ते उमललेले फूल. पाकळ्यांपाशी तापमान शून्याखाली अंशभर गेले, की फुलाच्या मधल्या पिवळ्या उंचवट्यातील पेशी फुटतात आणि दुपारपर्यंत तो गाभा काळा पडतो. पाकळ्या मात्र पांढऱ्याशुभ्र राहतात, म्हणून लांबून सगळे ठीक दिसते. स्ट्रॉबेरीचे जे लाल, मांसल फळ आपण खातो ते या उंचवट्याचेच फुगलेले रूप असते. गाभा काळा पडला की फळ धरत नाही. आणि घोसात सर्वांत आधी उमलणारे फूल सर्वांत मोठे फळ देणारे असल्यामुळे नुकसानही नेमके त्याचेच होते.

उपाय थोडे आहेत. संध्याकाळी ठिबकने माती ओली ठेवली, तर ती दिवसाची ऊब अधिक साठवून रात्री हळूहळू सोडते. कमानींवर किंवा थेट वाफ्यांवर टाकलेले पातळ, न विणलेले पांढरे कापड एक-दोन अंशांचा फरक पाडते आणि हाच फरक निर्णायक असतो. पण ते सकाळी काढावे लागते, नाहीतर मधमाशा फुलांपर्यंत पोहोचत नाहीत आणि फळे वेडीवाकडी होतात. तुषार सिंचनाचा उपाय ऐकायला विचित्र वाटतो. गोठणारे प्रत्येक ग्रॅम पाणी सुमारे ८० कॅलरी उष्णता सोडते, त्यामुळे फुलावर सतत नवे पाणी गोठत राहिले तर बर्फाच्या आतले फूल शून्याच्या आसपास टिकून राहते. मात्र मध्येच पंप बंद पडला, तर ओले फूल कोरड्या फुलापेक्षा अधिक लवकर गोठते. रात्रीच्या विजेचा भरवसा नसलेल्या शेतकऱ्याने हा उपाय टाळावा, हेच योग्य.

आणि कॅनडात क्राउन वाचवणारा तो पेंढा? बहरातील वाफ्यांमध्ये तो फळे मातीपासून स्वच्छ ठेवतो, पण गोठणाऱ्या रात्री जमिनीची ऊब खालीच अडवून वरच्या फुलांना अधिक गारठवतो.

आता साडेआठ वाजले आहेत. लिंगमळ्याच्या झाडांमागून आलेले ऊन वाफ्यांवर पडले आहे आणि पानांवरचा पांढरा थर पाण्याचे थेंब होऊन मल्चिंग पेपरवर ओघळतो आहे. कापडाखालच्या ओळींतील फुलांचे गाभे पिवळे आहेत. कापड न पुरलेल्या शेवटच्या दोन ओळींत, खोलगट बाजूला, काळे गाभे हाताने खुडण्याचे काम सुरू झाले आहे, म्हणजे रोपाची ताकद मागच्या कळ्यांकडे वळेल. तिकडे वरच्या वाफ्यांवर आजची तोडणी उरकत आली आहे. पनेट, म्हणजे फळांचे छोटे डबे, भरून झाले की गाडी वाईकडे जाणारा पसरणीचा घाट उतरेल.