बुटाचा तळ

हा बूट बघा. वरून बघितलं तर अजून पाच वर्षं आरामात जाईल असं वाटतं. चामडं चांगलंय, शिलाई कुठे उसवली नाहीये, लेस अडकवायची हुकं सगळी जागेवर, आणि आता कॅमेरा खाली घेतो, हे बघा, सोलच नाहीये. जो होता तो या प्लास्टिकच्या पिशवीत आहे, एक मोठा तुकडा आणि बाकी सगळा काळपट भुगा.

हे झालं तोरणा ते राजगड जाताना. बुधला माचीकडून उतरून त्या लांबलचक धारेवरून आम्ही चाललो होतो, ऑक्टोबर होता, गवत पिवळं पडायला लागलेलं, समोर राजगडाची संजीवनी माची दिसत होती, आणि उजव्या पायाखाली काहीतरी फटफट वाजायला लागलं. टाचेकडून सोल सुटला होता. सुतळीने बांधला, पंधरा मिनिटांनी डावा पण गेला. दोन्ही बूट एकाच दिवशी, एकाच तासात. पुढे अळू दरवाजापर्यंतची चढण मी मोज्यावर सुतळी गुंडाळून चढलो आणि वर पोचेपर्यंत तळपायाची जी अवस्था झाली ती आठवली तरी आत्ता पाय आखडतात.

बूट महागाचे होते. टॅक्टिकल म्हणून घेतलेले, म्हणजे तो आठ इंच उंचीचा, बाजूला चेन असलेला, अर्धा चामड्याचा अर्धा नायलॉनचा प्रकार, जो पोलिसांसाठी आणि सैन्यासाठी बनायला लागला आणि आता ट्रेकिंगवाले, सिक्युरिटीवाले, बाइकवाले, भरतीची तयारी करणारी पोरं सगळेच घालतात. घातल्या घातल्या इतके मऊ लागले की दुकानातच लेस बांधून निघालो. आणि वापरले किती, तर मोजून आठ-दहा ट्रेक. मधली दोन वर्षं तर ते खोक्यात, खोकं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर. जपून ठेवले होते. आणि तेच चुकलं होतं, पण हे मला कळलं आमच्या स्टँडजवळच्या गटई स्टॉलवर, म्हणजे चपला-बूट दुरुस्त करतात तिथे.

स्टॉलवरच्या काकांनी बूट हातात घेतला, अंगठ्याने सोलच्या वरचा थर दाबला आणि तो बिस्किटासारखा तुटला. म्हणाले, दादा, खालचं रबर चांगलंय की, मधला फोम मेलाय. त्यांनी सांगितलं त्या शब्दात केमिस्ट्री नव्हती पण निदान शंभर टक्के बरोबर होतं. बऱ्याच मऊ बुटांमध्ये खालचं रबर आणि वरचं चामडं यांच्या मधे पॉलीयुरेथेनचा थर असतो, बाजारात त्याला पीयू म्हणतात. हलका असतो, स्प्रिंगसारखा दाबला जातो, पहिल्याच दिवशी पायाला आराम देतो. पण हवेतला दमट ओलावा हळूहळू त्याच्या आतले रासायनिक बंध तोडत राहतो, याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि ही क्रिया बूट वापरला नाही तरी चालूच राहते. उलट वापरातला बूट बरा, पायाखाली दाबला जाऊन त्यातली ओल बाहेर पडत राहते. न वापरता गरम, दमट, बंद जागेत ठेवलेला बूट सगळ्यात आधी जातो. म्हणजे आपलं कोकण, मुंबई, आणि घाटमाथ्यावरचे पावसाळ्याचे चार महिने, आणि वर पिशवीला मारलेली गाठ.

आता हा दुसरा जोड बघा. हा आमच्या आप्पांचा, आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. रिटायर होऊन वीस वर्षं झाली, बूट त्याच माळ्यावर, माझ्या खोक्याच्या शेजारीच. आणि सोलला साधा तडा नाही. याला सैन्यात डीव्हीएस म्हणतात, डायरेक्टली व्हल्कनाइज्ड सोल. रबर साच्यात घालून उष्णता आणि दाब देऊन थेट चामड्याच्या वरच्या भागाला पक्कं बसवलेलं असतं, मधे फोम नाही, गोंदाने चिकटवलेला जोड नाही, त्यामुळे सुटायला काही जागाच नाही. कानपूरच्या ऑर्डनन्स इक्विपमेंट फॅक्टरीत असे बूट बनत आलेत. पण मी पायात घालून बघितले. जड आहेत, वाकत नाहीत, टाचेला दहा मिनिटांत लागायला लागलं. आप्पा म्हणाले, रिक्रूट असताना पहिले तीन आठवडे टाचेला पट्टी लावूनच परेड केली, मग बूट पायाचा झाला. आणि अजून एक, झिजला की हा सोल बदलणं सोपं नाही, तो अंगाचाच भाग झालेला असतो, म्हणून पलटणीत झिजला की दुसरा इश्यू करून घ्यायचा.

म्हणजे एकाच माळ्यावर दोन टोकं निघाली. एक मऊ आणि अल्पायुषी, दुसरा कडक आणि न संपणारा, आणि दोन्ही रिपेअरला अवघड.

त्याच्याही आधीचा बूट मात्र वेगळा होता. ब्रिटिश काळातला अ‍ॅम्युनिशन बूट, जाड चामडं, खाली चामड्याचाच तळ, त्यात लोखंडी खिळे ठोकलेले, टाचेला घोड्याच्या नालेसारखी पट्टी. 1943 ते 45 मध्ये इटलीत लढलेल्या मराठा पलटणींच्या पायात हेच होते. डांबरी रस्त्यावर खणखणायचे, ओल्या दगडावर घसरायचे, थंडीत लोखंडातून गारठा तळपायापर्यंत यायचा. आरामाच्या नावाने शून्य. पण एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, तो बूट सुटा करता यायचा. खिळा पडला, नवा ठोका. नाल झिजली, बदला. तळ गेला, नवा तळ शिवा. आणि पलटणीत मोचीचा ट्रेडच असायचा, म्हणजे बूट दुरुस्त करणारा माणूस फौजेबरोबर चालायचा.

रबरी तळाची गोष्ट पण त्याच इटलीतली. 1935 मध्ये मिलानच्या विताले ब्रामानी नावाच्या गिर्यारोहकाचे सहा साथीदार आल्प्समध्ये वारले, खराब हवामानात अडकले आणि त्या वेळचे पायातले जोडे अशा थंडीत आणि बर्फात उपयोगाचे नव्हते. त्याने टायर बनवणाऱ्या पिरेलीच्या मदतीने खोल खाचांचा रबरी सोल तयार केला, 1937 मध्ये. त्याच्या नावातून व्हायब्रम हे सोलच्या कंपनीचं नाव आलं आणि त्या पहिल्या डिझाइनला रणगाड्याच्या पट्ट्यावरून कार्रारमातो म्हणतात. 1954 मध्ये इटालियन टीम के-टूच्या माथ्यावर पोचली तेव्हा पायात हेच सोल होते. आज बऱ्याच ट्रेकिंग शूजच्या खाली जे अधिकच्या चिन्हासारखे ठोकळे दिसतात ना, ते तिथून आलेत.

मग सैन्यांनी रबर घेतलं, आणि खर्च आणि वेळ वाचावा म्हणून साच्यात ओतलेला सोल घेतला. ब्रिटिशांचा डीएमएस बूट, डायरेक्ट मोल्डेड सोल, घोट्याएवढाच उंच, वर कापडी पट्टी गुंडाळायची. 1982 मध्ये हाच बूट घालून त्यांचे सैनिक अर्जेंटिनाशी लढायला फॉकलंड बेटांवर उतरले. दलदलीची जमीन, हिवाळा, पाय रात्रंदिवस ओले. कित्येकांना ट्रेंच फूट झालं, म्हणजे पाय गार आणि ओले राहून रक्तपुरवठा बिघडतो, आधी बधिर होतात मग सुजतात आणि पाऊल टेकवता येत नाही. युद्धानंतर लगेचच तिकडे उंच बूट आणला गेला. आपल्याकडे 1962 ला चीनच्या युद्धात नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात, कित्येक जवानांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते आणि समोर हिमालयाची थंडी होती. आप्पांनी हे त्यांच्या सिनियर लोकांकडून ऐकलेलं, सांगताना ते अजूनही शांत बसू शकत नाहीत, उठून फेऱ्या मारतात. बूट हा विषय आमच्या घरात असा आहे.

व्हिएतनामच्या जंगलात अमेरिकेने उलटा विचार केला. पाणी आत येणारच हे धरून चालायचं, मग ते बाहेर कसं जाईल ते बघायचं. वरचा भाग कापडी, आतल्या बाजूला पाणी निघायला छोटी भोकं, आणि टोकदार बांबूच्या खुंट्यांपासून वाचायला सोलमध्ये स्टीलची पट्टी. सह्याद्रीत जूनमध्ये चालणाऱ्याला हे लगेच पटेल. वॉटरप्रूफ अस्तराचा बूट ओढा ओलांडताना वरून भरतो आणि मग ते पाणी आतच राहतं, दिवसभर पायाची भाजी होते. मी तरी पावसाळ्यात वॉटरप्रूफ घालत नाही, थंडीत हिमालयात जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

वजनाचं पण बघायला पाहिजे. पायावरचं एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोंइतकं दमवतं, सैनिकांना चालवून घेतलेल्या चाचण्यांमध्ये हे दिसलंय, आणि कुठल्याही गडावर जड बूट घालून चढलेल्या माणसाला त्यासाठी चाचणी लागत नाही. म्हणून हलका फोम आला, म्हणून नायलॉन आलं. हे चुकीचं नाहीये. फक्त त्या हलकेपणाला एक्सपायरी आहे आणि ती खोक्यावर छापलेली नसते, बरेचदा पाच-सात वर्षांत खेळ संपतो, आपल्या हवेत त्याच्याही आधी.

आता परत स्टॉलवर येऊ, कारण खरं काम इथे आहे.

मी विचारलं, काका, वाचेल का? त्यांनी बूट उलटा करून कडेने बोट फिरवलं आणि मला दाखवलं. काही बुटांना तळाच्या कडेने एक पट्टी बाहेर आलेली असते आणि तिच्यावरून दोऱ्याची शिलाई जाते, ही वेल्ट. गुडइयर वेल्ट म्हणतात ती पद्धत, एकोणिसाव्या शतकातलं मशीन आहे ते. यात वरचं चामडं पट्टीला शिवतात आणि सोल पट्टीला शिवतात, म्हणजे सोल उसवून नवा लावला तरी वरच्या चामड्याला हात लागत नाही, परत परत करता येतं. पण काका म्हणाले, शिलाई दिसली म्हणून फसू नका, बऱ्याच बुटांवर ती साच्यातच छापलेली असते. बूट उलटा करा, खालच्या बाजूला खाचेत दोरा दिसतोय का बघा. दिसला तर खरी.

माझा बूट वेल्टचा नव्हता, नुसता चिकटवलेला. त्याला पण नवा सोल लागतो पण वरचं चामडं आणि आतला तळवा धड पाहिजे. आतला तळवा म्हणजे ज्यावर आपला पाय टेकतो त्या गादीच्या खालचा जाड पुठ्ठ्यासारखा थर, तो कुजला असेल तर मग वर कितीही खर्च करा उपयोग नाही. माझा चांगला निघाला. त्याच्या आणि सोलच्या मधे पाऊल वाकू नये म्हणून एक पातळ पट्टी असते, शँक, ती पण शाबूत होती. दगडाच्या टोकावर किंवा शिडीच्या दांड्यावर उभं राहिलं की सगळं वजन तिच्यावर येतं.

मग सुरू झालं. हीट गनने गरम करून उरलेला सोल पकडीने ओढून काढला. मेलेला फोम रापीने खरवडला, सगळा, कणभर राहिला तरी नवीन सोल त्या कणासकट सुटून येणार. मग ग्राइंडरवर घासाई, चामड्याची कड खरखरीत झाल्याशिवाय सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, धरत नाही. मधल्या थराला त्यांनी पीयू नाही वापरला, ईव्हीए नावाच्या दुसऱ्या फोमची शीट कापली. ईव्हीए हळूहळू दबून चपटी होते हे खरं, पण ओलाव्याने भुगा होत नाही. खाली खोल खाचांचा रबरी सोल, तो पण दोनातून निवडायला लावला. एक कडक, जास्त टिकणारा, एक मऊ. मी टिकणारा म्हणालो तर त्यांनी विचारलं, ओल्या कातळावर जाता का? मऊ रबर ओल्या दगडाला धरतं पण लवकर झिजतं, कडक रबर वर्षानुवर्षं जातं पण शेवाळलेल्या पायऱ्यांवर दगा देतं. मऊ घेतला.

सोल्युशन दोन हात, पहिला पूर्ण वाळू दिला, दुसरा हाताला चिकट लागेपर्यंत थांबले, मग थोडी उष्णता देऊन सोल बसवला आणि लोखंडी फर्म्यावर हातोडीने कडेकडेने ठोकत गेले. घाई करणारे इथेच चुकतात, काका म्हणाले, ओल्या सोल्युशनवर सोल बसवतात आणि महिन्यात तो परत दारात. शेवटी कडेने आरीने जाड दोऱ्याची शिलाई, हाताने, प्रत्येक टाक्याला दोन्ही हात बाहेर खेचून. दोन बुटांना दीड तास गेला नुसत्या शिलाईला. एकूण नऊशे रुपये झाले. मी जास्त देत होतो, त्यांनी घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका म्हणाले. आणि चुलीपाशी किंवा कडक उन्हात वाळवू नका, चामडं कडक होतं आणि सोल्युशन ढिलं पडतं, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा, बोळे ओले झाले की बदला. पिशवीत तर बांधायचेच नाहीत. आठवड्यातून एकदा पायात घालून बाजारात गेलं तरी चालेल.

नवीन बूट घ्यायचा असेल तर संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात, ट्रेकचे जाड मोजे घालून बघा, आणि दुकानात उतार असेल तर उतरून बघा. पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा नसली की उतरताना बोटं आपटून नखं काळी पडतात, सह्याद्रीत उतार जास्त छळतो. बाजूच्या चेनचं मला विशेष कौतुक नाही, चिखल गेला की सगळ्यात आधी तीच बंद पडते, पण ड्युटीवर पटकन बूट चढवायचा असतो त्यांना ती लागते हे मान्य आहे.

हे बूट आता परत पायात आहेत. गेल्या आठवड्यात गुंजवण्यातून राजगड चढलो, पाली दरवाजाने उतरलो, सोल जागेवर. पहिल्यापेक्षा थोडे जड लागतात आणि तो दुकानातला मऊपणा गेलाय. पण पायाखाली दगड कळतो, ते मला बरं वाटतं.

आणि हे शेवटचं, जवळून दाखवतो. लेस सैल करून जीभ बाहेर ओढली की आतल्या बाजूला बॉलपेनने तारीख लिहिलेली दिसते. काकांनी लिहिली, देताना. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाले, पुढच्या वेळी आणाल तेव्हा कळेल ना किती चालला.

तारखेखाली त्यांनी अजून दोन ओळींची जागा सोडलीय.