आज आवाज लागला नव्हता

नमस्कार श्रोतेहो.

मैफलीनंतर चपला शोधता शोधता कुणीतरी हळूच म्हणतं, "आज आवाज लागला नव्हता." मला हे वाक्य फार आवडतं. गायक संपला, असं त्यात कुणी म्हणत नाही. आज नाही लागला, पुढच्या वेळी लागेल, एवढंच. रॉकच्या चाहत्यांमध्ये मात्र ही सवलत क्वचितच मिळते. सत्तरीतल्या गायकाची एक रात्र बिघडली की निकाल ठरलेला: म्हातारा झाला, आता थांबायला हवं.

मीही एकदा असाच निकाल देऊन बसलो होतो. शाळेत असल्यापासून ज्याची एकेक ओळ पाठ होती, अशा गायकाला पहिल्यांदा समोर ऐकत होतो. त्याचं नाव इथे घेत नाही. पहिला अर्धा तास अवघड गेला. एका गाण्याची वर चढणारी ओळ आली आणि त्याने माइक आमच्याकडे वळवला. हजारो लोकांनी ती ओळ गायली, मीही गायलो, पण पोटात खड्डा पडला. ती ओळ त्याच्या गळ्यातून ऐकायलाच तर मी आलो होतो.

मग एक संथ गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी त्याला दम पुरेना. माइकच्या स्टँडवरची त्याची बोटं घट्ट आवळलेली दिसत होती. गिटारवाल्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि तोच कॉर्ड आणखी एक आवर्तन धरून ठेवला. गायकाने श्वास भरून घेतला आणि ओळ उचलली, खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी. ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलं असेन. पण त्यातला माणूस कुणाला तरी निरोप देतोय, हे मला त्या रात्री कळलं.

आपली अडचण अशी, की पंचविशीतला आवाज रेकॉर्डवर कायमचा थांबलेला असतो. गळा थांबत नाही. वयाबरोबर स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, छातीत दम कमी मावतो. रॉक गायकांनी तर ऐन तारुण्यात ढोल-गिटारींच्या भिंतीवरून ओरडत गायलेलं असतं, वर्षातल्या कितीतरी रात्री. आणि ज्या पट्टीत विशीत गाणं बांधलं, तीच पट्टी सत्तरीत पेलायची. पट्टी उतरवली तर काही चाहते रागावतात. मला तो राग पटत नाही. गळ्याला झेपेल त्या सुरात गाणं हा शहाणपणा आहे.

पण सगळं वयावर ढकलणंही चूक आहे. १३ जुलै १९८५ चा लाइव्ह एड आठवा, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी झालेला कार्यक्रम. ड्रमर जॉन बोनम १९८० मध्ये गेला आणि त्याचा रॉक बँड लेड झेपेलिन थांबला. उरलेले तिघे त्या दिवशी फिलाडेल्फियाला पुन्हा एकत्र आले. ड्रमवर दोघे, टोनी थॉम्पसन आणि फिल कॉलिन्स. कॉलिन्स त्याच दिवशी लंडनला वेम्बलीत गाऊन, काँकॉर्ड विमानाने समुद्र ओलांडून आला होता. एकत्र तालीम जेमतेम. गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज बसलेला, जिमी पेजची गिटार सुरात नाही. तीन गाणी झाली आणि त्यांना स्वतःलाच ती इतकी सलली, की लाइव्ह एडच्या अधिकृत डीव्हीडीत ती घेऊ दिली नाहीत. तेव्हा प्लांट छत्तीस वर्षांचा होता आणि पेज एक्केचाळीसचा. म्हातारपण कुठे आलं इथे?

आता १० डिसेंबर २००७, लंडनचा ओ-टू अरीना. प्लांट एकोणसाठ, पेज त्रेसष्ट. ड्रमवर बोनमचाच मुलगा, जेसन. या वेळी कसून तालमी झाल्या होत्या आणि काही गाणी पट्टी उतरवून घेतली होती. सोळा गाणी, दोन तासांहून जास्त. त्याचं रेकॉर्डिंग मिळतं, जरूर ऐका. प्लांट कुठे जोर लावायचा आणि कुठे सोडून द्यायचं, हे जाणून गातो.

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनची गोष्ट वेगळीच. ७ जून १९८८ पासून त्याचे जे दौरे सुरू झाले, त्यांना चाहते 'न संपणारा दौरा' म्हणतात. तो गाण्याची चाल बदलतो, लय बदलतो, शब्दही बदलतो. समोरच्यांना दुसरं कडवं येईपर्यंत गाणंच ओळखू येत नाही. एका रात्री नुसती पुटपुट ऐकू येते आणि दुसऱ्या रात्री तेच गाणं अंगावर काटा आणतं. म्हणून त्याचे चाहते लागोपाठच्या रात्री जातात. वाईट रात्र त्यांच्या हिशेबात धरलेली असते.

माझी तक्रार एकाच गोष्टीबद्दल आहे. गायक ओठ हलवतो आणि आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला येतो, ते मला सहन होत नाही. चाहत्याने तिकिटाचे पैसे कुणाच्या तरी हजेरीसाठी दिलेले असतात. फाटलेला आवाज, विसरलेली ओळ, मध्येच घेतलेला श्वास, हे सगळं मी ऐकून घेईन. आणि गाणं खरोखर शक्य नसेल, तर तसं सांगून थांबावं. गायक स्टीव्हन टायलरच्या गळ्याची दुखापत पूर्ण बरी होणार नाही, हे कळल्यावर त्याच्या एरोस्मिथ बँडने २०२४ मध्ये दौरे बंद केले. मला त्या निर्णयाबद्दल फार आदर वाटतो.

आणि फिल कॉलिन्स. १९८५ मध्ये एका दिवसात दोन खंडांत वाजवणारा तो माणूस. पाठीच्या आणि नसांच्या दुखण्याने पुढे त्याच्या हातात ड्रमच्या काठ्याही नीट ठरेनात. २६ मार्च २०२२ ला, त्याच ओ-टू अरीनात, त्याच्या जेनेसिस बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला. तो खुर्चीत बसून गायला. पट्ट्या उतरवलेल्या, साथीला आणखी दोन आवाज. आवाज कधी लागत होता, कधी निसटत होता. मागे ड्रमवर त्याचा मुलगा निक होता. गाण्यांच्या मधल्या जागा भरायला वडिलांच्या हातात खंजिरी होती, आणि ज्या तालावर ती पडत होती, तो ताल त्यांनीच कधीतरी बांधलेला आणि आता मुलगा धरत होता.