उतरवलेला कॅम्पर का डुलतो?

मंडळी, पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर, म्हणजे उतरवून ठेवता येणारं छोटं घर, आपल्याकडे अजून कमीच दिसतो, पण ज्यांनी तो घेतलाय किंवा नाशिकच्या सातपूर-अंबडला बनवून घ्यायच्या विचारात आहेत, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. वैतरणेच्या काठी मुक्काम केला, कॅम्पर चार कोपऱ्यांच्या चार जॅकवर, म्हणजे वर-खाली होणाऱ्या पायांवर, उभा करून गाडी बाहेर काढली, आणि आत कुणी कूस बदलली की सगळं घर हलतं. मग जाड पाइपचे पाय लावायचे का?

माझं उत्तर आहे, आधी खाली आणा. जाड पाइपचा खर्च नंतर बघू.

हे जॅक मुळात चढवण्या-उतरवण्यासाठी असतात. गाडी खालून निघावी म्हणून कॅम्पर उंच घ्यावाच लागतो, आणि आपण तिथेच थांबतो. जॅकचा पाय वर ब्रॅकेटमध्ये धरलेला, खाली जमिनीवर नुसता टेकलेला. असा एका टोकाला पकडलेला दांडा बाजूने ढकलला की त्याचं झुकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे मोकळा पाय निम्मा केला, तर तेवढ्याच धक्क्याला तो आठपट कमी झुकतो. ब्रॅकेटमधली ढिलाई असते ती वेगळी, पण उंची उतरली की तीही कमी जाणवते. एवढा फायदा फुकटात मिळत असताना लोक वेल्डिंगवाल्याकडे धावतात, याचं मला नवल वाटतं.

वाऱ्याचा हिशेब करून बघू. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी चारनंतर वळवाचा वारा कसा उठतो, ते तुम्हाला सांगायला नको. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी 54 किलोमीटरचा वारा चौरस मीटरला साधारण 135 न्यूटन दाब देतो. कॅम्परची बाजू 4 मीटर लांब, 2 मीटर उंच धरली, तर अंदाजे 110 किलोचा रेटा होतो. वेग दुप्पट झाला, की रेटा 440 किलो. आता कॅम्पर 800 किलोचा, दोन्ही बाजूंच्या पायांत 2 मीटर अंतर आणि तळ जमिनीपासून 80 सेंटिमीटरवर असेल, तर या दुसऱ्या वाऱ्यात कलंडवणारा जोर आणि वजनाचा जोर जवळजवळ बरोबरीला येतात. तळ 40 वर आणलात तर कलंडवणारा जोर पाव हिश्शाच्या आसपास कमी होतो. हा ढोबळ हिशेब आहे, आकाराचे गुणक मी धरलेले नाहीत. तसा वारा सुटला तर आत बसून हिशेब तपासू नका, बाहेर पडा.

खाली आणताना एक पाय झरझर उतरवू नका. पुढचे दोन थोडे, मागचे दोन थोडे, असं आलटून पालटून, आणि आत कुणीही नको. चार पायांत एक गोम आहे. तीन पाय कुठेही टेकतात. चौथा आला की तिरके समोरासमोरचे दोन कोपरे भार घेतात आणि उरलेले दोन नुसते नावाला उभे राहतात. म्हणून गवंड्याची पाण्याची नळी चारही कोपऱ्यांना लावून पातळी जुळवा. गॅसवर चालणारा फ्रिज असेल, तर त्यालाही सपाटीच लागते.

मग तळाखाली टेकू म्हणून घोड्या. गॅरेजमधल्या लोखंडी चालतील, सुताराच्या भक्कम लाकडी असतील तरी चालतील. त्या तळाच्या तुळईखाली घ्या, प्लायच्या मधोमध नकोत. थोडा भार घोड्यांवर, थोडा जॅकवर. गाडीच्या टपावर येणारा पलंग पुढच्या पायांच्याही पुढे असतो. तिथे दोघं झोपले की वजन पुढे सरकतं, तेव्हा एक घोडी शक्य तितकी पुढे ठेवा. मात्र कंपनीचं पुस्तक आधी वाचा, तळ टेकवायला सगळे कॅम्पर केलेले नसतात.

जमिनीबद्दल तर नाशिककरांनी जास्त जपावं. अंजनेरीच्या कातळावर पाय रुतणार नाही, घसरेल. निफाडच्या काळ्या मातीत उलटं. आणि गंगापूर धरणाचं पाणी ओसरलं की उघडा पडणारा गाळ वरून भेगाळलेला, खाली ओला असू शकतो. 200 किलोचा पाय 10 बाय 10 सेंटिमीटरच्या तळव्यावर चौरस सेंटिमीटरला 2 किलो दाबतो. दोनच कोपऱ्यांनी भार घेतला तर 4. त्याखाली 30 बाय 30 ची जाड फळी टाकली की दाब नवव्या हिश्शावर येतो. काळी माती भिजली की फुगते, सुकली की आकसते. तेव्हा सर आली की पातळी पुन्हा बघायची.

एवढं करूनही थोडं डुलत असेल, तर मंडपवाल्यांकडे बघा. नुसत्या उभ्या बांबूंवर ते कधी भरवसा ठेवत नाहीत, तिरका बांधतातच. तसे दोन रॅचेट पट्टे (सामान आवळायचे असतात ते) पायांमध्ये फुलीसारखे ताणा, पाय सरळ उभे असतानाच, बेताने. वाऱ्यासाठी वेगळे पट्टे कोपऱ्यांपासून बाहेर खुंट्यांना. कातळावर खुंटी जात नाही, तिथे मुक्कामच गाडीवर करावा असं माझं मत आहे.

आणि निघताना, जॅक फिरवण्याआधी हे सगळे पट्टे सोडा. खुंटी पक्की बसलेली असेल तर ती उपटत नाही, ब्रॅकेट वाकतं.