पक्ष्यांच्या छातीतील रोहिण्या आणि त्यांची कुळे

(जळगाव येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, दुकानात साफ केलेल्या कोंबडीची मान घेऊन तिच्या पुढच्या बाजूचे स्नायू सावकाश सोडवले, तर मणक्यांना लागून दोन रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या, एकमेकींना बिलगून डोक्याकडे जाताना दिसतात. हा पक्षी आपल्या हाताशी असतो, म्हणून तुलनेची सुरुवात त्याच्यापासूनच करावी. रानातल्या पक्ष्यांना १९७२च्या कायद्याचे संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे.

माणसाची महारोहिणी, म्हणजे सर्वांत मोठी रोहिणी, हृदयातून निघून डावीकडे वळते, तर पक्ष्याची उजवीकडे, आणि हे सगळ्याच पक्षिकुळांत सारखे आहे. तिच्यापासून लगेच दोन जाड शाखा फुटतात, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. प्रत्येक शाखा पंखाला आणि छातीच्या उड्डाणस्नायूंना रक्त पुरवते; पारव्यात हे स्नायू शरीराच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा असतात, तेव्हा या शाखा इतक्या जाड का, हे वेगळे सांगायला नको. मेंदूकडे जाणारी ग्रीवारोहिणीही याच शाखांतून निघते, आणि खरा फरक तिथेच पडतो.

बदक, पारवा, घार, घुबड यांच्यात ती दोन्ही बाजूंना असते. चिमणी, साळुंकी, बुलबुल, कावळा यांच्यात मात्र फक्त डावी उरते. अंड्यातल्या गर्भात दोन्ही बाजूंच्या मूळ वाहिन्या तयार होतात, पण पुढे उजवी आटते. तरीही त्या बाजूची जाड शाखा पंखासाठी शाबूत राहते.

इंग्रज शरीररचनातज्ज्ञ आल्फ्रेड हेन्री गॅरड यांनी पक्ष्यांच्या ग्रीवारोहिण्यांवरील आपला निबंध १८७३मध्ये लंडनमध्ये मांडला. त्याच वर्षी पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी रानपिंगळा या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. हा पक्षी नामशेष झाला, असे पुढे मानले जाऊ लागले आणि १९९७मध्ये तो आपल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला, याचा खानदेशाला अभिमान वाटला पाहिजे.

दोन पक्ष्यांत एकच डावी रोहिणी दिसली की त्यांचे नाते जुळले, असे मात्र मी मानत नाही. सुतार, हुदहुद आणि पाण्यात बुड्या मारणाऱ्या टिबुकलीच्या कुळातही हीच मांडणी आढळते, पण टिबुकली काही चिमणीची भावंड नव्हे. उजवी रोहिणी निरनिराळ्या कुळांत वेगवेगळ्या वेळी लोप पावली असणार. पोपटांत तर एका गटातही एकवाक्यता नाही. काहींत दोन्ही रोहिण्या मणक्यांजवळ खोल जातात, तर काहींत डावी वर येऊन मानेतल्या नीलेच्या, म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिनीच्या, सोबतीने जाते. म्हणून नुसती संख्या मोजून भागत नाही. रोहिणी कुठून फुटते, किती खोल जाते आणि कोणत्या स्नायूंमधून सरकते, हेही नोंदवावे लागते.

आफ्रिकेतल्या जमिनीवर चालणाऱ्या धनेशात या दोन्ही ग्रीवारोहिण्या आटून तंतूंसारख्या होतात, असे गॅरड यांनी १८७६मध्ये दाखवले. त्याच्या डोक्याला रक्त मिळते ते मानेतल्या मोठ्या मज्जातंतूलगत जाणाऱ्या, एरवी बारीक असणाऱ्या वाहिन्यांमधून.