प्लास्टिक पचवणारी विकरे

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात आपल्या कोल्हापुरातील जयंती नाल्यातून पंचगंगेकडे वाहत जाणाऱ्या पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या बहुधा 'पेट' नावाच्या प्लास्टिकच्या असतात. या प्लास्टिकविषयीचे अलीकडचे संशोधन मला फार आशादायक वाटते, म्हणून आज त्याविषयी बोलणार आहे.

जपानमधील साकाई शहरात, बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राच्या परिसरात, पेटवर जगणारा एक जिवाणू शास्त्रज्ञांना सापडला आणि २०१६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. हा जिवाणू दोन विकरांच्या, म्हणजेच रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनांच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने पेटची लांब साखळी तोडतो आणि तिचे मूळ घटक सुटे करतो. मात्र पातळ पापुद्रा संपवायलाही त्याला सुमारे सहा आठवडे लागले.

याहून वेगवान विकर मिळाले ते कुजणाऱ्या पानांच्या खतात. पानावर कटिनचे मेणचट संरक्षक आवरण असते आणि पाने कुजताना सूक्ष्मजीव ते विकरांनी विरघळवतात. कटिनमध्ये आणि पेटमध्ये एस्टर हा एकाच जातीचा रासायनिक बंध असल्यामुळे, निसर्गाने पानांसाठी घडवलेले हे विकर माणसाने बनवलेल्या बाटलीलाही लागू पडते. फ्रान्समधील संशोधकांनी त्यात नेमके बदल केले आणि २०२० मध्ये दाखवून दिले की, ७२ अंश सेल्सिअस तापमानाला दहा तासांत किमान ९० टक्के पेटचे विघटन होते. सुट्या झालेल्या घटकांपासून त्यांनी पुन्हा नव्या बाटल्याही बनवल्या. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकीय मशीन लर्निंगच्या मदतीने ५० अंशांनाच उत्तम काम करणारे विकर तयार केले.

दुधाच्या पिशव्या आणि कॅरीबॅग पॉलिथिनच्या असतात. त्यात एस्टर बंध नसल्यामुळे ही विकरे त्यांच्यावर चालत नाहीत.

शिवाय हे विकर नदीत सोडून नदी स्वच्छ होणार नाही, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्याला ठरावीक तापमानाची टाकी लागते, आणि बाटलीचे प्लास्टिक घट्ट रचनेचे असल्याने ते आधी वितळवून बारीक करावे लागते. त्याहीआधी बाटल्या ओल्या कचऱ्यापासून वेगळ्या व्हाव्या लागतात. आपल्या शहरात आज हे काम बऱ्याच अंशी कचरावेचक भगिनी हातांनी करतात, आणि ते आपल्याला घरच्या घरी, घंटागाडी येण्यापूर्वीच करता येण्यासारखे आहे. नमस्कार.